हिशेब बरोबर, तरी सगळ्यांत आधी बाद

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही समजेल.

तुम्ही पाच जण दर शनिवारी रात्री वाटीखाली फासे झाकून थापेचा खेळ खेळता. प्रत्येकाकडे पाच फासे. आपले आपण बघायचे, दुसऱ्याचे दिसत नाहीत. मग बोली लागते. एक म्हणतो, ‘सगळ्यांचे मिळून चार पंजे’, त्याच्या डावीकडचा म्हणतो ‘पाच पंजे’ किंवा ‘चार छक्के’, असं चढत जायचं. ज्याला पटत नाही तो ‘उघड!’ म्हणतो आणि सगळे वाट्या उचलतात. बोलीइतके निघाले तर ‘उघड’ म्हणणाऱ्याचा एक फासा जातो, कमी निघाले तर बोली करणाऱ्याचा. एक्का जोकर, कुठल्याही आकड्यात मोजायचा. फासे संपले की माणूस बाद. शेवटी उरेल तो जिंकला.

तुम्ही संभाव्यतेचा तक्ता करून पाठ केलाय, आणि तरी गेल्या पाच शनिवारांत चार वेळा सगळ्यांत आधी तुम्हीच बाद झालात. परवाचा एक डाव तुम्ही सविस्तर सांगितलाय. अजून कुणाचाच फासा गेला नव्हता. तुमच्याकडे एक पंजा आणि एक एक्का. उजवीकडचा म्हणाला ‘नऊ पंजे’. पंचवीस फाशांची सरासरी ८.३३, नऊ त्याच्या वर, म्हणून तुम्ही ‘उघड’ म्हणालात. निघाले अकरा. आणि आता विचारताय, हिशेबात चूक आहे की नशीबच फुटकं?

नशिबाचं आधी उरकून टाकू. पाचही जण सारख्याच अकलेने खेळत असतील तर कुठल्याही शनिवारी पहिलं बाद होण्याची शक्यता पाचात एक. पाच शनिवारांत चार किंवा पाच वेळा असं होण्याची शक्यता निघते ०.६७ टक्के, म्हणजे सुमारे दीडशेत एकदा. अशक्य नाही. शिवाय ज्याच्यावर असा प्रसंग येतो तोच प्रश्न विचारायला येतो, बाकीचे येत नाहीत, हेही खरं. पण तुम्ही सांगितलेला डाव वाचला आणि मी नशिबाला सोडून दिलं.

माझ्याबद्दल दोन ओळी, कारण पुढचं सगळं तिथूनच येतं. इंदूरजवळच्या पिथमपूरच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं क्वालिटीत काढली. बाहेरून आलेला माल घ्यायचा की परत पाठवायचा, हे ठरवणं माझं काम. पेटीत पाचशे बुश, म्हणजे धातूच्या छोट्या नळ्या, त्यातले वीस उचलायचे, गेजवर, म्हणजे माप तपासायच्या साधनावर, लावून बघायचे आणि उरलेल्या चारशे ऐंशींबद्दल मत द्यायचं. आता निवृत्त आहे, रामबागेत राहतो, आणि आमच्याकडेही शनिवारी हाच खेळ रंगतो. वहिनी, भाचा, शेजारचे वकीलसाहेब, माझे साडू आणि मी. पैसे लावत नाही. जो पहिला बाद होईल त्याने रविवारी सकाळी सगळ्यांसाठी पोहे-जिलेबी आणायची, एवढाच दंड. दक्षिण अमेरिकेत या खेळाला ‘दुदो’ म्हणतात. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ ‘मला शंका आहे’. आमचं ‘उघड’ त्याहून रोखठोक.

आता तुमचा डाव. पहिली चूक साधी आहे आणि ती जवळजवळ सगळे करतात. सरासरी पंचविसांची काढायची नाही, न दिसणाऱ्या विसांची काढायची. तुमचे दोन तर तुमच्या डोळ्यांसमोर आहेत, ते पक्के. उरलेल्या वीस फाशांत पंजा किंवा एक्का येण्याची शक्यता प्रत्येकी एक तृतीयांश, म्हणजे सरासरी ६.६७. त्यात तुमचे दोन मिळवले की ८.६७. नऊ व्हायला विसातून सात हवेत, आणि त्याची शक्यता ५२ टक्के. म्हणजे ‘उघड’ म्हणताना, दुसरं काहीही माहीत नाही असं धरलं तरी, तुम्ही ४८ विरुद्ध ५२ अशा पडत्या बाजूला होतात. फार पडती नाही, हे कबूल. तक्ता केलाच आहे तर तो न दिसणाऱ्या फाशांचा करा. वीस लपलेले असतील तर पाच किंवा जास्त मिळण्याची शक्यता ८५ टक्के, सहा ७०, सात ५२, आठ ३४, नऊ १९, दहा ९. दहा लपलेले असतील तर दोन ९०, तीन ७०, चार ४४, पाच २१. पाचच लपलेले असतील तर एक ८७, दोन ५४, तीन २१, चार साडेचार टक्के. फासे कमी होत जातात तशी प्रत्येक पायरी उंच होत जाते, हे या आकड्यांत दिसतंच. सुरुवातीला एक पाऊल चुकलं तर पंधरा-अठरा टक्क्यांचा फरक, शेवटी तेच पाऊल तेहेतीस टक्क्यांचं.

दुसरी चूक जास्त महागाची, आणि तुम्ही सगळ्यांत आधी का जाता ते इथे कळतं. एका डावात फासा एकाचाच जातो. ‘उघड’ झाल्यावर धोक्यात असतात ते दोघंच, बोलणारा आणि उघडणारा. बाकीचे तिघं मजेत सेव खात बघत असतात. पाच जणांत तुमच्या वाट्याचं नुकसान डावाला सरासरी २० टक्के. तुम्ही ५० टक्क्यांच्या ‘उघड’ला हात घातलात की त्या डावापुरतं वाट्याच्या अडीचपट नुकसान स्वतःच्या अंगावर घेतलंत. दोघंच खेळत असतात तेव्हा ‘निम्म्याहून जास्त वेळा खोटं असेल तर उघड’ हा नियम जवळपास चालतो. पाच जणांत तो नियम तुम्हाला दर वेळी भांडणाच्या मधोमध नेऊन उभा करतो. भांडणात वारंवार उतरणारा आधी जखमी होणार, त्यात गणिताचा दोष नाही.

म्हणून ‘बोली खरी असण्याची शक्यता किती’ एवढंच विचारून थांबू नका. ‘उघडलं तर माझा फासा जाण्याची शक्यता किती, आणि चढवली तर किती’ अशी दोन्ही बाजूंची तुलना करा. तुमच्याच डावावर करून दाखवतो. समजा तुमच्यापुढे ‘आठ पंजे’ आले असते. सहा हवेत, ७० टक्के खरं. उघडलं तर ७० टक्के वेळा तुमचा फासा गेला. त्याऐवजी ‘नऊ’ म्हणालात, आणि डावीकडचा दहापैकी चार वेळा उघडतो असं धरलं, तर तुमचं नुकसान ०.४ गुणिले ०.४८, म्हणजे १९ टक्के. कुठे ७० आणि कुठे १९! आता खरंच आलेले ‘नऊ पंजे’ घ्या. उघडलं तर ५२ टक्के जातो. ‘दहा’ म्हणालात तर ती बोली ३४ टक्केच खरी. डावीकडचा आता जास्त सावध, दहापैकी सात वेळा उघडेल, म्हणजे नुकसान ०.७ गुणिले ०.६६, ४६ टक्के. खोटी असण्याची शक्यता जास्त असलेली बोली करूनही तुम्ही किंचित फायद्यात राहता, कारण ती खरी असावी लागत नाही, डावीकडच्याने ती न उघडता पुढे सरकवली म्हणजे झालं. ‘दहा पंजे’ तुमच्यापुढे आले असते तर मात्र गोष्ट उलटते. उघडलं तर ३४ टक्के, ‘अकरा’ म्हटलं तर जवळजवळ ७० टक्के. तिथे बिनधास्त उघडायचं.

यात एक खोट आहे ती लपवत नाही. डावीकडचा काही नाणं फेकून ठरवत नाही. त्याच्याकडे पंजे नसले की तो उघडतो, आणि नेमकं तेव्हाच तुमची बोली खोटी असण्याची शक्यता जास्त असते. त्यामुळे चढवण्याचं खरं नुकसान मी काढलेल्यापेक्षा थोडं अधिक. परत फेरी फिरून बोली तुमच्यापर्यंत येऊ शकते, तेही मी धरलेलं नाही. पण ७० आणि १९ मधलं अंतर एवढ्याने बुजत नाही.

तिसरी गोष्ट मात्र तक्त्यात कुठेच सापडत नाही. उजवीकडचा ‘नऊ पंजे’ म्हणाला तेव्हा तुम्ही त्याचे पाच फासे कोरे धरलेत, जणू तो बोललाच नाही.

कारखान्यात मी पहिली दोन वर्षं हेच केलं. आलेला प्रत्येक लॉट सारखा, वीस उचला, मोजा, तक्त्यात बघा, शिक्का मारा. एका पुरवठादाराचा माल दर वेळी पास व्हायचा आणि दर वेळी असेंब्लीवर जाऊन अडायचा. एकदा वैतागून आख्खी पेटी जमिनीवर पालथी केली. वरचा थर चकचकीत, बोट फिरवलं तर तेलाचा नीट हात दिलेला. खालच्या दोन थरांतले बुश गेजवर चढायलाच तयार नाहीत. मी वीसच्या वीस वरून उचलत होतो, आणि हे त्याला माझ्याआधी ठाऊक होतं. माझा हिशेब निर्दोष होता. फक्त तो अशा पेटीसाठी होता जी कुणी भरलेलीच नाही, आपोआप भरली गेलीय. त्यानंतर मी वहीत मालासमोर माल पाठवणाऱ्याचाही एक रकाना काढला.

महाभारतातल्या नलाख्यानात ऋतुपर्ण राजा रथातून जाताना बेहड्याच्या झाडाची फळं-पानं सांगतो, नल रथ थांबवून मोजतो, आकडा बरोबर निघतो, आणि मग राजा त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या शिकवतो. थोडं बघून सगळ्याचा अंदाज बांधणं आणि फासे खेळणं ही एकच विद्या, हे ज्याने कथा रचली त्याला पक्कं माहीत होतं. झाड मात्र थापा मारत नाही. तुमच्या उजवीकडचा मारतो, किंवा मारत नाही, आणि सगळी मेख तिथे आहे.

समजा तुमचा उजवीकडचा सरळ माणूस आहे. स्वतःकडे निदान दोन असल्याशिवाय तो तो आकडा बोलत नाही. कोऱ्या पाच फाशांत पंजे आणि एक्के मिळून सरासरी १.६७ असतात. ‘निदान दोन आहेत’ हे कळलं की तीच सरासरी २.४८ होते. फरक एका फाशाहूनही कमी, किरकोळ वाटतो. पण तो धरून नऊ पंज्यांची शक्यता पुन्हा काढली की ५२ ची ६८ टक्के होते. म्हणजे तुम्ही ४८ टक्के जिंकायच्या आशेने उघडलंत आणि खरी आशा होती ३२ टक्के. आणि ‘दहा’ म्हणाला असतात तर ती बोली ३४ ऐवजी ४८ टक्के खरी ठरली असती. या माणसाच्या उजेडात बघितलं तर चढवणं हेच स्पष्ट उत्तर होतं. निघाले अकरा, पण त्याच्यावर जाऊ नका. चारच निघाले असते तरी मी हेच सांगितलं असतं.

तोच माणूस तीनात एकदा हवेत गोळीबार करणारा असेल, तर त्याच्या फाशांची सरासरी २.४८ वरून २.२ वर येते. आणि स्वतःकडे एकही नसताना मुद्दाम बोलणारा असेल तर १.६७ च्याही खाली. आमचे वकीलसाहेब असेच. मोठा आकडा ज्या ठामपणे बोलतात त्या ठामपणाने ते कोर्टातही कधी बोलले नसतील. माझा भाचा याच्या उलट, थाप मारायची ठरवली की आधी वाटी पुन्हा उचलून बघतो. खरं बोलायचं असतं तेव्हा त्याला बघायची गरज नसते, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. चार शनिवार फक्त एवढंच टिपा: वाट्या उघडल्यावर, बोललेल्या आकड्याचे कुणाकडे खरंच किती होते. कागद लागत नाही. प्रत्येकाबद्दल ‘दोन असल्याशिवाय बोलत नाही’, ‘एकावर बोलतो’, ‘शून्यावरही बोलतो’ एवढं लक्षात राहिलं तरी तुमच्या तक्त्यापेक्षा ते जास्त उपयोगी.

हेच बाकीचे चौघं तुमच्याबद्दल करत असतील, असा माझा दाट संशय आहे. तुम्ही लिहिलंय, ‘मी थाप सहसा मारत नाही, कारण शक्यता विरुद्ध असते.’ तर मग तुमची प्रत्येक बोली म्हणजे टेबलावर उघडी ठेवलेली वाटी. तुम्ही ‘पाच छक्के’ म्हणालात की सगळ्यांना फुकटात कळलं, याच्याकडे दोन-तीन छक्के आहेत. ते बिनधास्त एकेक पायरी चढवत जातात, आणि तुमच्यापर्यंत येईतो बोली नेमकी कड्यावर येऊन उभी. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन आणि अर्थशास्त्रज्ञ ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ साली पत्त्यांच्या पोकरचं गणित मांडताना हे दाखवून दिलंय की थापेचा उपयोग केवळ पडका हात तारून नेण्यापुरता नसतो. अधूनमधून थाप मारणाऱ्याच्या खऱ्या हातालाही लोक आव्हान देतात, आणि तिथे त्याची कमाई होते. कधीच थाप न मारणाऱ्याचा खरा हात कुणी उघडायला जात नाही. आपल्या खेळात तर खरी बोली उघडली गेली तरच दुसऱ्याचा फासा जातो.

किती वेळा मारायची? नेमका आकडा टेबलावर अवलंबून आहे. भित्र्या टेबलावर जास्त, संशयी टेबलावर कमी. मी स्वतः साधारण तीन-चार बोलींत एक अशी ठेवतो. कुठे मारायची याबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे: डावाच्या सुरुवातीला, छोट्या आकड्यावर. ‘तीन चौके’ कुणी उघडत नाही, त्यामुळे ती थाप जवळपास फुकट पडते, पण टेबलाच्या डोक्यात चौके शिरतात. याला आम्ही दुधात पाणी घालणं म्हणतो. तुमच्याकडे एकही चौका नाही, एक्काही नाही. तुम्ही ‘चार चौके’ म्हणालात. पुढच्याकडे एक आहे, तो तुमच्यावर विश्वास टाकून ‘पाच’ म्हणतो, त्याच्या पुढचा ‘सहा’, मग ‘सात’, मग ‘आठ’. फिरून तुमच्यापुढे आठ चौके. हे आठ विसांतूनच यायला हवेत, ३४ टक्के. त्यातही वरच्या चौघांनी तुमच्या खोटेपणावर माड्या चढवल्यात. खालचा पाया पोकळ आहे हे टेबलावर एकट्या तुम्हाला माहीत. आता म्हणा ‘उघड’. या खेळात यापेक्षा गोड क्षण मी अनुभवलेला नाही. एक बंधन पाळा: उशिरा, मोठ्या आकड्यावर शून्याच्या जोरावर थाप नको. तिथे निदान एक तरी हातात असू द्या.

वहिनी यातलं काहीही मोजत नाही. तक्ता दाखवला तर म्हणाली, ‘भावजी, हे तुमचं पिथमपूर तुमच्यापाशीच ठेवा.’ पण तिने बोललेल्या आकड्यावर ती सलग दोनदा कधीच सारखी वागत नाही, आणि ती जिंकते. मी तिच्याकडून जेवढं शिकलो तेवढं सांख्यिकीच्या पुस्तकातून शिकलो नाही, हे तिच्यासमोर कबूल करायची वेळ अजून आलेली नाही.

बसण्याची जागाही मोजायला शिका. बहुतेक घरांत फासा गमावणारा पुढचा डाव सुरू करतो. समजा चार जण उरलेत, टेबलावर बारा फासे, तुमच्याकडे एकच, आणि सुरुवात तुमची. बाकीचे एकेक पायरी चढतात असं धरा. भीत भीत ‘एक पंजा’ म्हणालात तर दोन, तीन, आणि ‘चार पंजे’ परत तुमच्यापुढे. तुमचा फासा पंज्याचा नाही. न दिसणाऱ्या अकरांत चार असण्याची शक्यता ५३ टक्के. उघडावं तरी पंचाईत, ‘पाच’ म्हणावं तरी पंचाईत. आता ‘दोन पंजे’ने सुरू करा. परत येताना ‘पाच’ येतील, त्यांची शक्यता २९ टक्के, डोळे मिटून उघडा. ‘तीन’ने सुरू केलंत तर बहुधा तुमच्यापर्यंत येण्याआधीच कुणाचं तरी भांडण होतं. छोट्या आकड्याने सुरुवात सुरक्षित वाटते, पण ती वेळ विकत घेते आणि बिल तुमच्याच नावाने फाडते. लोक आकडा बदलून बोली बाजूला नेतात तेव्हा ही मोजणी कोलमडते, पण निदान किती पायऱ्या उरल्यात याचं भान राहतं.

आणखी काही तुमच्या घरच्या नियमांवर ठरेल. एक्का जोकर नसेल तर एक तृतीयांशच्या जागी सगळीकडे एक षष्ठांश धरा. काही ठिकाणी एखाद्याकडे एकच फासा उरला की त्या डावापुरते जोकर बंद होतात, तिथेही तेच. आणि मुख्य म्हणजे दंड कुणाला आहे ते बघा. आमच्यासारखा पहिल्या बाद होणाऱ्याला असेल तर सुरुवातीला भांडणं टाळणं हेच धोरण. शेवटी उरणाऱ्यालाच बक्षीस असेल तर मधल्या डावांत थोडी जोखीम घ्यावी लागते, कारण एका फाशावर रांगत शेवटच्या दोघांत पोचलात तरी समोरच्याकडे चार-पाच असतील.

फासे कुठले आणले आहेत? लुडोच्या डब्यातले असतील तर एकदा तपासून घ्या. पाच फासे एकशेवीस वेळा टाका, सहाशे आकडे होतात. प्रत्येक आकडा शंभरच्या आसपास यायला हवा. ऐंशी ते एकशेवीस या पट्ट्यात असेल तर सोडून द्या, एकशेचाळीस छक्के आले तर तो संच मुलांना खेळायला देऊन टाका. स्टीलच्या वाट्याही बदला. फासा स्टीलवर पडताना आणि वाटी तिरपी करून डोकावताना जो आवाज होतो, त्यावरून किती फासे सरकले हे आमच्या भाच्याला कळायचं. आम्ही आता चहाचे मातीचे कुल्हड वापरतो, खाली जुनं वर्तमानपत्र.

शेवटी तुम्ही विचारलंय की दोघंच उरले, समोर पाच फासे आणि आपल्याकडे एक, तर काय करायचं. खरं सांगायचं तर फार काही करता येत नाही. समोरच्याला सहातले पाच दिसतात, तुम्हाला एक. पण एक सापळा सांगतो, मी स्वतः त्यात अडकलेलो आहे.

गेल्या महिन्यातली गोष्ट. वहिनीकडे पाच, माझ्याकडे एक, तोही तिर्री. वहिनी म्हणाली, ‘तीन चौके.’ माझ्याकडे चौका नाही, म्हणजे तिन्ही तिच्याकडेच हवेत. पाचांत तीन, तक्ता म्हणतो २१ टक्के. मी खुशीत ‘उघड’ म्हणणार, तेवढ्यात थबकलो. २१ टक्के ही चौक्यांची शक्यता, चौके मी आधीच ठरवले असते तर. पण आकडा तिने निवडला, फासे बघून निवडला. पाच फाशांत कुठल्या ना कुठल्या आकड्याचे, एक्के धरून, तीन असण्याची शक्यता किती? कागदावर मांडून बघा, ७७७६ पैकी ४९५६, म्हणजे जवळजवळ ६४ टक्के. दोन असण्याची तर ९८ टक्क्यांच्या वर. म्हणजे ती नेहमी आपला सगळ्यांत भरलेला आकडा घेऊन ‘तीन’ म्हणत असेल तर माझी जिंकण्याची शक्यता ७९ नव्हे, ३६.

पण दुसरं करणार काय? ‘चार चौके’ म्हणालो तर तिला जवळजवळ सगळंच दिसतंय, ती पापणीही न हलवता उघडेल. ‘तीन पंजे’ म्हणालो तरी तेच. वाईटातल्या वाईट तीन रस्त्यांत ३६ टक्क्यांचा रस्ता बरा. ‘उघड’ म्हणालो. तिने कुल्हड सावकाश उचललं, मुद्दाम सावकाश. दोन चौके, एक एक्का, बाकी दोन काहीतरी. पोहे आणणारा भाचा केव्हाच बाद होऊन झोपला होता, त्यामुळे माझ्या वाट्याला फक्त कुल्हड गोळा करणं आणि सांडलेली सेव झाडणं आलं.